सुरमईचा हिशेब चिखलापासून

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर मासळी उतरताना बघा. तारली ढिगानं, बांगडा टोपल्यांनी आणि सुरमई मोजकी. सुरमई कमी का, याचं उत्तर जाळ्यात शोधण्याआधी ऊर्जेच्या हिशेबात शोधावं लागतं. भाव हा वेगळाच विषय. पापलेट अन्नसाखळीत सुरमईच्या खाली बसतं, प्राणी प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) आणि जेलीफिशसारखे मऊ जीव खातं, तरी त्याचा भाव चढाच. जीभ पोषणपातळी बघत नाही.

हिशेब उन्हापासून सुरू होतो. कोकण किनाऱ्यावर वर्षाच्या सरासरीनं दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ युनिट ऊर्जा पडते, लाइटबिलातली असतात तीच युनिटं. त्यातली जेमतेम ४५ टक्के प्रकाशसंश्लेषणाच्या कामाची असते. चांगल्या पिकातसुद्धा एकूण उन्हातली एक-दोन टक्क्यांहून जास्त ऊर्जा रोपाच्या अंगी लागत नाही. समुद्रात याहूनही कमी, कारण पाणी स्वतःच प्रकाश गिळतं आणि वरच्या उजेडाच्या थरातलं नायट्रेट-फॉस्फेटचं खत वर्षातला बराच काळ संपलेलं असतं.

उजेड किती खोल जातो हे मोजायला सेकी तबकडी पुरते. २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी घ्यायची, तिचे चार समान भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, मधोमध दोरी आणि खाली वजन बांधायचं. दोरीला दर १० सेंटिमीटरवर खूण करायची. होडीच्या सावलीच्या बाजूनं सोडायची, म्हणजे पाण्यावरची चमक डोळ्यांत येत नाही. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. तिच्या दोन ते तीन पट खोलीपर्यंत वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, कमाई करतात. त्याखाली फक्त खर्च. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या बाहेर घेतलेली मापं एकमेकांशी ताडून बघू नयेत. जुलैत दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत तीच तबकडी वीतभरावर गडप झाली तर नवल नाही. पाऊस खाडीला खत भरपूर देतो, पण गढूळपणानं उजेडच बंद करतो. ते खत कामाला येतं ते खाडीच्या तोंडाबाहेर आणि पाणी निवळल्यावर.

कोण काय खातं याचा पुरावा मासे साफ करतानाच हाती येतो. बांगड्याचं तोंड उघडून आत बघा: कल्ल्यांच्या कमानीवरचे लांब काटे पिसासारखे दिसतात. पहिल्या कमानीच्या नुसत्या खालच्या बाजूला ते ३० ते ४६ असतात. पाणी कल्ल्यातून बाहेर जाताना त्यात बारीक कवचधारी प्लवक अडकतात. तारलीची चाळण याहून बारीक, त्यामुळे ती डायटमसुद्धा (एकपेशीय वनस्पती प्लवक) गाळते. तिचं आतडंही लांब आणि वेटोळं, कारण वनस्पतिजन्य खाणं पचायला वेळ लागतो. आता सुरमईचे कल्ले बघा. तिथे काटे मोजून हाताच्या बोटांवर संपतात, जबड्यात मात्र सुरीसारखे दात. गाळून खाणाऱ्याला चाळण लागते, पकडून खाणाऱ्याला दात. पोटात काय सापडतं यावर मात्र एका माशावरून विश्वास ठेवू नये. जाळ्यात अडकलेला मासा घाबरून शेजारचं काहीही गिळतो, आणि पकडल्यानंतर काही तासांत मऊ प्लवक पोटात विरघळून जातात. उरतात फक्त कवचं आणि काटे. मग निष्कर्ष निघतो की मासा कवचंच खातो.

तर डायटम, तारली, सुरमई ही साखळी तीन कड्यांची. प्रत्येक पायरीला दहावा हिस्सा पुढे जातो असं धरलं तर १ किलो सुरमईमागे १० किलो तारली आणि तिच्यामागे १०० किलो डायटम. मध्ये प्राणी प्लवक आणि ते खाणारा बारीक मासा आला, म्हणजे डायटम, प्लवक, मांदेली, सुरमई, की त्याच एका किलोला १००० किलो डायटम लागतात. मासा तोच, पण कुठल्या वाटेनं आला त्यावर समुद्राला पडणारी किंमत दहापट बदलते.

या ‘दहा टक्क्यां’बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण शाळेत तो नियम म्हणून पाठ होतो. ऊर्जेच्या पायऱ्यांचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला रेमंड लिंडमननं, अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्यावर. तो निबंध १९४२ साली छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हता. अवघ्या सव्वीस वर्षांचा असताना तो वारला. त्याच्या तळ्याचे आकडे काय होते? वनस्पतींनी उन्हातला ०.१ टक्का पकडला, शाकाहाऱ्यांनी पुढे १३.३ टक्के नेले आणि मांसाहाऱ्यांनी २२.३. कुठेच बरोबर दहा नाहीत. पुढे १९९५ साली पाण्यातल्या परिसंस्थांच्या ४८ मॉडेलांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा सरासरी दहाच्या जवळ आली, पण आकडे २ पासून २४ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. दहा ही सरासरी आहे, निसर्गाचा कायदा नव्हे.

दहा येतात कसे, ते फोड केल्यावर कळतं. समजा तारलीच्या थव्यानं वर्षभरात १०० किलो नवं मांस तयार केलं. त्यातलं ५० किलो सुरमईच्या तोंडी लागलं. बाकीचं रोगानं मेलं, तळाला गेलं किंवा दुसऱ्यानं खाल्लं. खाल्लेल्या ५० पैकी ४० पचलं. खवले, काटे विष्ठेवाटे बाहेर. पचलेल्या ४० पैकी ३० श्वसनात, पोहण्यात आणि खुद्द पचवण्याच्या मेहनतीत उष्णता होऊन गेलं. उरलेले १० किलो सुरमईच्या अंगावर. म्हणजे तीन वेगवेगळ्या गळत्या आहेत: न सापडणं, न पचणं आणि जाळून टाकणं. त्यातली एक हलली की दहाचे पाच किंवा वीस होतात.

डॉल्फिन किंवा पाणकावळ्याच्या बाबतीत तिसरी गळती प्रचंड असते. माशाच्या हिशेबात पचलेल्यातला चौथा हिस्सा वाढीला लागला, तर उष्ण रक्ताच्या प्राण्यात जेमतेम १ ते ३ टक्के लागतात; बाकी सगळं अंग गरम ठेवण्यात खपतं. म्हणून अशा प्राण्यांच्या डोक्यावर आणखी एक मजला क्वचितच चढतो. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, कोकणात ज्याला काकण म्हणतात, मासे खातो तसे समुद्रसापही खातो. साप स्वतः मासे खाऊन वाढलेला. इतक्या वर बसलेला पक्षी किनाऱ्यावर दाटीनं राहूच शकत नाही, मग शिकार होवो वा न होवो.

या सगळ्यात एक कोडं राहतं. पाण्यात डायटम तर दिसतच नाहीत, मग हा डोलारा उभा कशावर? उत्तर वेगात आहे. समुद्रातल्या वनस्पती प्लवकांचं वजन जगातल्या एकूण वनस्पतींच्या एक टक्काही भरत नाही, पण जगातल्या प्राथमिक उत्पादनाचा, म्हणजे उन्हापासून तयार होणाऱ्या अन्नाचा, जवळपास निम्मा वाटा त्यांचा. परिस्थिती जमली तर डायटम दिवसाला एकदा दुप्पट होतात आणि तितकेच खाल्लेही जातात. मासळीवालीची पाटी लहान असली तरी दिवसातून दहा वेळा भरली-रिकामी झाली तर धंदा मोठाच. त्यामुळे वजनाचा मनोरा समुद्रात उलटा दिसू शकतो, खाली थोडं आणि वर जास्त. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही.

म्हणूनच पाणी किती हिरवं आहे हे बघून उत्पादन कळत नाही. ते कळायला बाटल्या लागतात. ३०० मिलिलिटरच्या तीन बीओडी बाटल्या (ऑक्सिजन मोजायच्या घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्या) एकाच बादलीतल्या पाण्यानं भरायच्या. पहिलीतला विरघळलेला ऑक्सिजन लगेच मोजायचा. दुसरी पारदर्शक, तिसरीला काळी टेप आणि वरून फॉइल. दोन्ही ज्या खोलीवरून पाणी घेतलं तिथेच तीन-चार तास टांगायच्या. उदाहरणार्थ, सुरुवातीला लिटरमागे ६.० मिलिग्रॅम, उजेडातल्या बाटलीत ६.९ आणि अंधारातल्या बाटलीत ५.७ निघाले. निव्वळ कमाई ०.९, श्वसनाचा खर्च ०.३, एकूण कमाई १.२. ऑक्सिजनच्या आकड्याला ०.३७५ नं गुणलं की कार्बन: सुमारे ०.४५ मिलिग्रॅम. बिघडतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. बुचाखाली हवेचा बुडबुडा राहतो आणि सगळे आकडे फसवे होतात. बाटल्या पूर्ण दिवस टांगल्या तर आतलं खत संपतं आणि उत्पादन कमी दिसतं. आणि बाटलीत एखादा मोठा प्राणी प्लवक अडकला तर तो आत बसून चरतो. म्हणून पाणी आधी २०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घ्यावं.

आता खाडीत. इथे पुस्तकातली हिरव्या पानापासून सुरू होणारी साखळी अर्धीच लागू पडते. तिवर, चिपी, कांदळ या खारफुटीच्या झाडांची हिरवी पानं झाडावर असताना फार थोडी खाल्ली जातात. बहुतेक पानं पिवळी होऊन गळतात, हेक्टरी वर्षाला साधारण १० टन सुक्या वजनाचा पालापाचोळा. कुजण्यातून निघणारी ही दुसरी साखळी.

गळलेलं पान म्हणजे चांगलं अन्न नव्हे. झाडानं ते गाळण्याआधी त्यातला नायट्रोजन बराचसा परत ओढून घेतलेला असतो. मागे राहतं लाकडासारखं तंतुमय कार्बन आणि टॅनिन हे तुरट द्रव्य. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत विरघळणारं सगळं निथळून जातं. मग जिवाणू आणि बुरशी त्यावर वस्ती करतात आणि पाण्यातला नायट्रोजन शोषून पानाला ‘पौष्टिक’ करतात. काही खेकडे पानं ओढून बिळात नेतात, तुकडे करतात, खातात. खेकडा किंवा कोळंबी पानाच्या तुकड्यावरची जिवाणूंची साय पचवते आणि तुकडा जवळपास तसाच बाहेर टाकते. त्यावर पुन्हा वस्ती, पुन्हा कोणीतरी गिळतं. एकच तुकडा असा कितीतरी पोटांतून जातो, आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. नायट्रोजन फिरतो, फॉस्फरस फिरतो. ऊर्जा फिरत नाही, ती एकदाच येते आणि जाते. ‘ऊर्जाचक्र’ हा शब्द वहीतून खोडून टाकावा.

हे कुजणं वजनात पकडता येतं. झाड हलवलं की गळतील अशीच पिवळी पानं घ्यायची. हिरवी तोडून घेतली तर नायट्रोजन जास्त असतो आणि ती खोटी लवकर कुजतात. सावलीत वाळवून २०-२० ग्रॅमचे वाटे करायचे. २ मिलिमीटर छिद्राच्या नायलॉन जाळीच्या १५ बाय २० सेंटिमीटरच्या बारा पिशव्या शिवायच्या. एक वाटा बाजूला ठेवून ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा, म्हणजे हवेत वाळलेल्या पानात पाणी किती उरलं होतं ते कळतं. हे राहून गेलं तर पुढचा सगळा हिशेब गळका. पिशव्या भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीला झाडाच्या मुळांना बांधायच्या आणि एक, दोन, चार, आठ आठवड्यांनी तीन-तीन काढायच्या. बारीक चाळणीवर अलगद धुवायच्या, सुकवायच्या, तोलायच्या.

गाळ नीट धुतला गेला नाही तर चौथ्या आठवड्यात वजन दुसऱ्यापेक्षा वाढलेलं निघतं आणि लोक चक्रावतात. शंका असेल तर सुकलेला नमुना भट्टीत ५५० अंशांवर जाळून राख तोलायची आणि ती वजा करायची. दुसरी चूक छिद्राची: २ मिलिमीटरच्या पिशवीत खेकडे शिरत नाहीत, त्यामुळे हा फक्त सूक्ष्मजीवांचा वेग आहे. शेजारी दोऱ्यानं बांधलेली मोकळी पानं ठेवली की खेकड्यांचा वाटा कळतो. कित्येकदा ती दोन-चार दिवसांत गायबच होतात. तिवराची पानं कांदळाच्या पानांपेक्षा लवकर संपतात, कारण टॅनिन कमी आणि नायट्रोजन जास्त. उधाणाच्या दिवसांत पिशव्या वाहून जातात, भांगाच्या लहान भरतीत वरच्या पिशव्यांना पाणीच लागत नाही. बांधण्याआधी तिथी बघून ठेवलेली बरी.

आता एक दुरुस्ती, जी कांदळवनाच्या फलकांवर सहसा नसते. खाडीतले सगळे मासे पानांच्या कुजण्यावर जगतात असं बरीच वर्षं मानलं जाई. मग कार्बनच्या स्थिर समस्थानिकांची, म्हणजे जड आणि हलक्या कार्बन अणूंच्या प्रमाणाची, मोजमापं आली. खारफुटीच्या पानाची खूण उणे २८ च्या आसपास असते, समुद्रातल्या प्लवकांची उणे २० च्या जवळ, चिखलावरच्या डायटमची त्याहूनही वर. खाडीतल्या पुष्कळ माशांच्या आणि कोळंबीच्या अंगातला कार्बन पानापेक्षा डायटमच्या बाजूला झुकलेला निघाला. पानाचा वाटा आहे, पण तो खेकड्यांत, गोगलगायींत आणि मुळांजवळच जास्त. मग कांदळवन माशांना देतं काय? आसरा देतं, आणि मुळांनी अडवलेला चिखल देतं. चिखलावरच खरं शेत आहे.

ते शेत बघायला ओहोटीला दुपारी जावं. उघड्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते. हे तळावरचे डायटम: पाणी उतरल्यावर उजेडासाठी वर सरकतात आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली जातात. बोटानं खरवडलं तर झाक मिलिमीटरभरही जाड नाही. तिच्याखाली काही मिलिमीटर करडा थर आणि मग काळाकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल. तिथे ऑक्सिजन संपला. सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू काम करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. निवटी याच झाकेवर डोकं डावी-उजवीकडे झुलवत चरते आणि मागे चिखलावर चंद्रकोरीसारख्या रेघा उमटतात. डायटम, निवटी, ताट: दोन पायऱ्या. खाडीकाठच्या गरिबाच्या कालवणात ऊर्जेची उधळपट्टी सगळ्यात कमी असते.

हे शेत मोडतं कसं, तर बहुतेकदा रस्त्याच्या भरावानं. खाजणात भराव पडतो आणि खालून एक पाइप सोडला जातो. पाइपाचा तळ ओहोटीच्या पातळीला बसवला नाही तर आतलं पाणी पुरतं उतरतच नाही. चिखल उघडा पडत नाही, डायटमना उजेड मिळत नाही, पाला बाहेर जात नाही, आतच कुजून ऑक्सिजन खातो. तिवराची वर आलेली श्वसनमुळं सतत पाण्याखाली राहिली की झाडं मरतात, पण लगेच नाही. तोवर ‘काही झालं नाही’ असं सगळ्यांना वाटत राहतं. तपासायचं असेल तर भरावाच्या दोन्ही बाजूंना खांब रोवून एकाच ओहोटीला पाण्याची पातळी बघावी. आतली पातळी बाहेरच्या मागोमाग उतरत नसेल तर पाइप अपुरा आहे किंवा चुकीच्या उंचीवर.

बाहेरच्या समुद्रात ऑक्सिजनची हीच गोष्ट मोठ्या मापात घडते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर खोलचं थंड, खतानं भरलेलं पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं. नद्यांचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं बसतं. वर प्लवकांचा बहर, खाली त्यांच्या कुजण्यानं उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही टंचाई सगळ्यात तीव्र असते. तळाचे मासे तेव्हा उथळ पाण्यात सरकतात आणि जाळ्यात जास्त लागतात. ती बरकत समजू नये, पळापळ आहे.

आता साखळीच्या वरच्या टोकाला माणूस काय करतो. १ किलो फिशमीलला (मासे वाळवून केलेल्या भुकटीला) ४ ते ५ किलो ओला मासा लागतो. कोळंबीला १ किलो वाढायला दीड किलो खाद्य आणि त्यात २० टक्के फिशमील धरलं, तर ३०० ग्रॅम फिशमील, म्हणजे सव्वा ते दीड किलो मासा. तो मासा पूर्ण वाढलेली तारली असेल तर एक वेळ समजू शकतो. पण कारखान्यात जाणाऱ्या ढिगात बोटभर सुरमई, ढोमा, पापलेटची पिल्लंही असतात. लहान मासा खाल्लेल्यातला मोठा हिस्सा वाढीला लावतो. वय वाढेल तसा तो घटतो. म्हणजे आपण नेमकं सगळ्यात फायद्याचं वय जाळ्यात घेतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि २०२३ साली ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमानही ठरलं. पण पिल्लू मोठं आहे की लहान, हे होडीवर चिमटीत धरून ठरवायला वेळ कोणाला? ते जाळ्यानंच ठरवायला हवं. ट्रॉलच्या (होडीमागे ओढायच्या जाळ्याच्या) शेवटच्या पिशवीत शंकरपाळ्यासारखी तिरकी आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, असेल तर ओढ पडल्यावर ती मिटते आणि पिल्लू आतच राहतं. ४० मिलिमीटरची चौकोनी आस ओढ पडली तरी उघडी राहते. जाळं विकत घेताना आस कोरडी न मोजता भिजवून, ताणून मोजावी.